कलामहर्षी आणि गल्लीतला हँडीकॅम

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने दहा मिनिटांचा सिनेमा काढला. त्याचे मामा पूर्वी लग्नांचे शूटिंग करायचे. घराघरांत मोबाइल आले, मामांचा धंदा बसला आणि त्यांचा हँडीकॅम कपाटात जाऊन पडला. तो या पठ्ठ्याने बाहेर काढला. विषय घरचाच निवडला. चिकलठाणा एमआयडीसीत रात्रपाळी करून पहाटे परतणारे वडील आणि त्याच वेळी शाळेला निघालेला मुलगा. दोघांची रोजची गाठ दारातली, जेमतेम दोन मिनिटांची.

एका रविवारी आम्ही शेजारीपाजारी त्यांच्या घरी टीव्हीसमोर जमलो. सिनेमा संपला, टाळ्या झाल्या. मग त्याच्या आजींनी भाबडेपणाने सांगून टाकले की छान झाले आहे, अगदी कुणाच्या तरी साखरपुड्याची कॅसेट पाहिल्यासारखे वाटले. पोराचा चेहरा पडला. नंतर जिन्यात मला गाठून त्याने विचारले, की काका, खऱ्या सिनेमात असते आणि माझ्यात नाही, असे नेमके काय? आणि उत्तरही त्यानेच देऊन टाकले. कॅमेरा. चांगला कॅमेरा लाखांच्या घरात जातो, तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत, म्हणजे विषय संपला.

त्या रात्री मला कोल्हापूरच्या एका माणसाची आठवण झाली. त्याच्याकडेही कॅमेरा नव्हता. विकत घेण्याची ऐपतही नव्हती. म्हणून त्याने तो घरी बनवला. पण त्याची खरी गोष्ट कॅमेरा बनवल्यानंतर सुरू होते.

मेस्त्रींच्या घरातला मुलगा

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचे. वडिलांच्या हातात सुतारकामापासून चित्रकलेपर्यंत अनेक कसबे होती. हत्यारे, लाकूड, रंग यांच्यातच मुलगा वाढला. कोणत्याही कलाशाळेचे तोंड न पाहता त्याने चित्रकला आणि शिल्पकला हस्तगत केली, तीही पाश्चात्त्य पद्धतीच्या वास्तव चित्रणाची. वस्तूवर उजेड कुठून पडतो, सावली कुठे जाते, जवळचे कसे दिसते आणि दूरचे कसे, याचा विचार त्याला बोटांतूनच समजत गेला. पुढे लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

त्यांचे चुलतबंधू आनंदराव हेही तसेच हुन्नरी. शाहू महाराजांच्या काळातले ते कोल्हापूर कुस्ती, नाटक, गाणे आणि चित्रकला यांनी गजबजलेले होते. संगीत नाटकांचा भर ओसंडत होता आणि नाटक मंडळ्यांना पडदे लागत. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, जे हवे ते कापडावर रंगवलेले. १९१० ते १९१६ या काळात या दोघा भावांनी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्यासारख्यांच्या नाटकांसाठी पडदे रंगवले. पश्चिम भारतातल्या आघाडीच्या पडदे रंगवणाऱ्यांत त्यांची गणना होऊ लागली.

सपाट कापडावर खोली उभी करायची आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ती खरी वाटायला लावायची, ही या कामातली खुबी. सिनेमाचा पडदाही सपाटच असतो. पुढे जे घडले त्याचे बी इथेच पडले होते.

चित्र हलले पाहिजे

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळके स्वतः चित्रकला आणि छपाईच्या धंद्यातले. आपल्या देशातली माणसे, आपल्या पुराणातली गोष्ट पडद्यावर हलताना पाहून दोघा पेंटर बंधूंना वेड लागले. आपणही सिनेमा काढायचा हे ठरले. सुरुवातीला दुसऱ्यांचे सिनेमे दाखवण्याचा व्यवसाय त्यांनी करून पाहिला. त्यातून प्रक्षेपण यंत्राचे आतडे-कातडे पाहायला मिळाले. पण सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. तो विलायतेहून यायचा, किंमत आवाक्याबाहेरची आणि १९१४ पासून महायुद्ध पेटलेले.

मग कॅमेरा आपणच करायचा, असे ठरले.

आज हे वाक्य सहज लिहिता येते. त्या यंत्राचे काम काय होते, ते पाहा. पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म एक चौकट खाली ओढायची, क्षणभर अगदी स्थिर धरायची, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत घ्यायचा, झडप बंद करायची आणि पुढची चौकट ओढायची. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, तेही हाताने दांडा फिरवत. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकणारा आकडा केसभर चुकला, तर पडद्यावर सगळे जग थरथरते. झडपेच्या वेळेत खोट राहिली, तर चित्र फरकटते. पेटीत एक बारीक फट राहिली, तर सगळी फिल्म काळी पडते.

हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. जोडीतला एक खांदा निखळला. दुसरा कुणी असता तर पडदे रंगवण्याच्या चांगल्या चाललेल्या धंद्याकडे परतला असता. बाबूराव परतले नाहीत. त्यांच्यासोबत विष्णुपंत दामले होते. शिष्य खरे, पण यंत्रातली त्यांची समज विलक्षण होती. दोघांनी चिकाटी सोडली नाही आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार झाला. कोल्हापुरात, दोन कारागिरांच्या हातून.

दरम्यान १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. या नव्या खुळात पैसा घालायला बडी माणसे कचरत होती. मदतीला आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. त्यांचा बाबूरावांच्या कलेवर विश्वास होता. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव एखाद्या ओळीत येते आणि जाते. त्या उभ्या राहिल्या नसत्या तर पुढची ओळच लिहिली गेली नसती.

‘सैरंध्री’ची किंमत

आधी ‘सीता स्वयंवर’ काढायचे ठरले होते, पण सीता मिळेना. सिनेमात काम करायला स्त्रिया तयार होत नव्हत्या. फाळक्यांची तारामती एका पुरुषानेच केली होती; पुढे त्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी धाडस केले, तरी समाजाची नजर बदलली नव्हती. बाबूरावांना स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायला हवी होती. जो माणूस पडद्यावरची सावलीही खोटी पडू देत नव्हता, तो खोटी सीता कशी चालवून घेणार?

अखेर ‘सैरंध्री’ हाती घेतला आणि गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. त्याची शिक्षा त्यांना लगेच मिळाली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि दोघींना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. चित्रपटाच्या यशाच्या गोष्टी सांगताना आपण दिग्दर्शकाचे कष्ट मोजतो. त्या मोजदादीत या दोघींचे घर सुटले, तेही धरले पाहिजे.

१९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. कीचकाच्या वधाची कथा मराठी माणसाला साधी पुराणकथा राहिली नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, ती त्यात लोकांना दिसणाऱ्या राजकीय अर्थामुळे. आता तोच कीचक पडद्यावर भीमाच्या हातून मरत होता आणि तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. पुढे ते दृश्य कापावे लागले. कापले गेले याचा अर्थ एवढाच, की घरच्या कॅमेऱ्याने काढलेली लबाडी लोकांनी सत्य म्हणून स्वीकारली होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव केला आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी त्यांच्या नावाला जोडली गेली.

उजेडाचा हिशेब

बाबूरावांनी नवे काय केले, हे त्यांच्या आधीच्या चित्रपटांशी ताडून पाहिले की कळते. तेव्हा बहुतेक जण नाटकासारखा रंगवलेला पडदा मागे लावत, नट पुढे उभे करत आणि कॅमेरा समोर रोवून दांडा फिरवत. स्वतः उत्कृष्ट पडदे रंगवणाऱ्या या माणसाने सिनेमातून रंगवलेला पडदाच काढून टाकला. त्याच्या जागी खरे खांब, खऱ्या भिंती, माणूस ज्यातून चालत जाऊ शकेल अशा खोल्या उभ्या केल्या. पुढे एक वस्तू, मध्ये माणूस, मागे दार आणि दारापलीकडे आणखी काही, अशी खोली चित्राला आली. कापडावर रंगाने जो भास निर्माण करायचा, तो आता जागेतूनच निर्माण होऊ लागला.

दुसरी गोष्ट उजेडाची. त्या काळी शूटिंग म्हणजे ऊन. डोक्यावरचे ऊन सगळीकडे सारखे पडते, डोळ्यांखाली काळी भोके पाडते आणि चेहरा सपाट करते. बाबूराव परावर्तक लावून उजेड हवा तिकडे वळवू लागले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. तानाजीने रात्री गड चढायचा, तर पडद्यावर रात्र दिसलीच पाहिजे. दिवसाच्या उन्हाला रात्र समजा, असे प्रेक्षकाला सांगणे त्यांना पटणारे नव्हते. भारतीय चित्रपटात दिव्यांच्या उजेडात केलेल्या चित्रणाचा आरंभ म्हणून या चित्रपटाकडे बोट दाखवले जाते.

तिसरी गोष्ट कागदाची. कॅमेरा हातात घेण्याआधी ते पेन्सिल हातात घेत. पात्रे कशी दिसतील, वेश कसा असेल, हालचाल कुठून कुठे होईल, याची रेखाटने तयार असत. मूकपटांच्या काळात फिल्म साधारण सेकंदाला एक फूट या वेगाने धावे. हजार फूट फिल्म म्हणजे सोळा-सतरा मिनिटे. ती बाहेरून यायची, महाग असायची. पण रेखाटनांमागे नुसती काटकसर नव्हती. चित्र आधी मनात दिसले पाहिजे, ही चित्रकाराची शिस्त होती. चित्रपटांची जाहिरातचित्रेही ते स्वतः रंगवत, आणि १९२१-२२ च्या सुमारास कथा व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका प्रेक्षकांच्या हाती देत.

या सगळ्याचा कळस म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकाराने नाडलेला शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीच्या धुरात हरवून जातो. देवदेवता आणि राजेरजवाड्यांच्या त्या काळात बाबूरावांनी कर्जात बुडालेल्या कुळाला नायक केले. तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी. त्या चित्रपटातली मंद उजेडातली उदास झोपडी आणि तिथला कुत्रा ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातून तो पुढे अनेक वर्षे गेला नाही. झोपडी सुंदर दिसण्यासाठी तो उजेड योजलेला नव्हता. गरिबीला खोटा झगमगाट देऊ नये, म्हणून तो तेवढाच ठेवला होता. तंत्र आणि कणव इथे एकाच ठिकाणी आली.

शिष्य निघून गेले

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कंपनी कमी आणि गुरुगृह जास्त होती. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम अशी माणसे तिथे पडेल ते काम करत शिकली. शांताराम १९२० मध्ये आले तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. परंतु गुरूच्या घरात शिष्याला एक दिवस जागा अपुरी पडतेच. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांनी कॅमेऱ्याच्या घडणीत साथ दिली, तेही गेले. पुढच्याच वर्षी बाबूरावही आपण उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडले.

मग बोलपट आले. १९३५ मध्ये ‘उषा’, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह, १९३७ मध्ये ‘प्रतिभा’. चित्रपट होत राहिले, पण बाबूरावांचा तो दबदबा परत आला नाही. चित्राने बोलणाऱ्या या माणसाला शब्दांचा सिनेमा तितकासा मानवला नाही, असे म्हणावे लागते. शिवाय घाईघाईने काम उरकणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि चित्रपटाचा धंदा दिवसेंदिवस घाईचा होत चालला होता. शांतारामांनी पुढे ‘लोकशाहीर राम जोशी’साठी त्यांना सन्मानाने बोलावले. तो चित्रपट १९४७ मध्ये आला. १९५२ मध्ये ‘विश्वामित्र’ झाला आणि १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव पेंटर कोल्हापुरात निवर्तले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी, वर्षांनुवर्षे पडून राहिली तर कुजणारी. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही गेला. एवढ्या निगुतीने मांडलेला उजेड हरवून गेला, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. पण १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा गौरव झाला, तेव्हा त्या साध्या, सच्च्या चित्रांमागे कोल्हापूरच्या त्या गुरुगृहाचे संस्कार होतेच. फिल्म कुजली, शिकवण कुजली नाही.

पुन्हा मुकुंदवाडी

हे सगळे मी त्या पोराला सांगितले. सुरुवातीला तो सभ्यपणाने ऐकत होता. कॅमेरा घरी बनवल्याचे कळले तेव्हा जरा सरसावून बसला. मग आम्ही त्याचा सिनेमा पुन्हा लावला आणि बाबूरावांच्या नजरेने पाहण्याचा प्रयत्न केला.

पहाटेचा प्रसंग त्याने दुपारी बारा वाजता घेतला होता, कारण तेव्हा सगळे मोकळे होते. घरातल्या दृश्यात ट्यूबलाइट होती आणि वर कॅमेऱ्यावरचा दिवा. लग्नाच्या शूटिंगमध्ये तो समोरून तोंडावर मारतात ना, तसाच. त्यामुळे वडील, भिंत आणि भिंतीवरचे कॅलेंडर सगळे एकाच पातळीवर आलेले. हँडीकॅमच्या आतला चित्र टिपणारा तुकडा बोटाच्या नखाएवढाही नसतो, त्यामुळे जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसते. चेहरा मागच्या गर्दीतून सुटून येत नाही. कॅमेरा मागे नेऊन झूमने चेहरा जवळ आणला आणि माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे घेतले, तर मागचे थोडे विरघळते. उजेडाची नोंद यंत्रावर सोडली, की कुणी पांढरा सदरा घालून आले तरी सगळे चित्र अंधारते. ती हाताने बांधून ठेवता येते. आणि कॅमेरा सतत इकडून तिकडे फिरवला, की पाहणाऱ्याला आपण मांडवात फिरत आहोत असे वाटते. तिपाई नसेल तर स्टूल चालते.

यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नव्हता. उसंत लागत होती, आणि आधी कागद-पेन्सिल.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने तो प्रसंग पुन्हा घेतला. या वेळी वहीत चौकटी आखून, खरोखरच्या पहाटे. घरातली ट्यूब बंद, स्वयंपाकघरातला एकच बल्ब चालू. दाराबाहेर त्याचा मित्र थर्माकोलचा मोठा तुकडा धरून उभा होता, उगवतीचा उजेड आत वळवण्यासाठी. परावर्तक याहून वेगळा काय असतो? वडिलांचे काम करायला त्याने खऱ्या वडिलांनाच उभे केले. ते नुकतेच पाळी संपवून आले होते, डबा हातातच होता. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा घरातल्या अंधारात. मुलगा दप्तर घेऊन बाजूने निघतो, ते त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि संपले.

आम्ही ते पुन्हा त्याच टीव्हीवर पाहिले. आजींनी या वेळी साखरपुड्याचे नाव काढले नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग एवढेच विचारले, की आपला मुलगा रोज इतका दमून येतो का. त्या एकाच घरात राहतात. रोज पाहतात. पण उजेड त्या जागी पडल्यावर त्यांना ते दिसले.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या आठवणीसाठी कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे. ते योग्यच आहे. मात्र तिथे कधी गेलात, तर कॅमेऱ्यापाशी थांबू नका. थोडे मागे सरका आणि त्याच्यावर ऊन कुठल्या बाजूने पडले आहे, ते पाहा. त्या माणसाने आधी तेच पाहिले असते.